रक्तवाली कंपनी आणि कासमभाई

कासमभाईंनी माझं कधी काही वाकडं केलं नाही. तरीही आयुष्यात मी सगळ्यात जास्त जळलो असेन तर त्यांच्यावर. मत्सर बरोबरीच्या माणसाचा करावा म्हणतात, मी तेवढंही पाळलं नाही. मी रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो, एम.एस्सी., तेही फर्स्ट क्लास. आणि कासमभाई मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मुकादम होते, जुन्या मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा आपटलेले. मधली बारा-पंधरा वर्षं मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून काढून ते परत आले होते, आणि येताना एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी घेऊन आले होते. बाकीचे लोक टेपरेकॉर्डर आणायचे.

अंगाने किडकिडीत. चष्म्याच्या काड्यांना मागून नाडी बांधलेली. अंगाला अमोनियाचा आणि बांगड्याचा मिळून एक वास यायचा, तो शुक्रवारी अत्तर लावलं तरी हटत नसे. दाढीला मेंदी लावायचे आणि कुणी तसं म्हटलं तर रागवायचे. चहा पाजण्याच्या बाबतीत पक्के चिकट. कॅरममध्ये हरले की बोर्ड वाकडा आहे म्हणायचे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हा माणूस फार चांगला वाटू लागेल आणि ते मला अजूनही सोसत नाही.

ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. शेअरचं वारं आमच्या गावापर्यंत येऊन पोचलं होतं. ज्यांनी जन्मात पोस्टाच्या पुस्तकापलीकडे काही पाहिलं नव्हतं ते लोक बँकेत फॉर्मसाठी रांगा लावत होते. कुठली कंपनी, काय करते, कुणाला पत्ता नसायचा. नवा इश्यू आला की फॉर्म भरायचा. आणि भरण्याआधी मिरकरवाड्याला जाऊन कासमभाईंना विचारायचं. हेडमास्तर, वकील, सरकारी इस्पितळातले डॉक्टर, सगळे नाकाला रुमाल लावून बर्फाच्या कारखान्यात जायचे. माझ्या घरावरून जायचे, मला हात करून जायचे.

कासमभाई 'घ्या' किंवा 'नको' असं सहसा म्हणतच नसत. ते कंपनीला पोस्टकार्ड टाकून अख्खं माहितीपत्रक मागवायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे. "पुढची पानं नवऱ्या मुलीच्या बापानं लिवलेली असतात," म्हणायचे, "मागची वकिलानं." न कळलेला शब्द आला की पानाचा कोपरा दुमडायचा, मग डिक्शनरी काढायची, अर्थ लागला की कोपरा सरळ करायचा. सगळं होऊनही ज्या कागदाचे कोपरे दुमडलेलेच राहिले त्या कागदाकडे ते पुन्हा बघत नसत.

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "बर्फ कुठं हाय?"

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वतःच्या कारखान्यापलीकडे काही दिसत नाही. पण एकदा पोस्टमास्तर कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचा फॉर्म घेऊन गेले तेव्हा मी तिथे होतो. रंगीत फोटो, परदेशी जहाजं, सगळं झकास. कासमभाई म्हणाले, "मास्तर, मासा धरणं सोपं. दर्या देतो. धरल्यापासून ताटात पडंपर्यंत तो नासता नये, त्येला धंदा म्हणतात. आता ह्यांची कोळंबी दिसली, बोट दिसली, साहेब दिसला. बर्फ कुठं हाय?" मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं, की शीतगृहासाठी विजेची मंजुरी अजून यायची आहे. पोस्टमास्तरांनी फॉर्म फाडला. वर्षभरात ती कंपनी बुडाली आणि पोस्टमास्तर दर ईदेला कासमभाईंकडे शिरखुर्म्याला जाऊ लागले.

त्या सुमारास नगर वाचनालयात मी जैवतंत्रज्ञान या विषयावर व्याख्यान दिलं. आठवडाभर तयारी केली होती, खडूने फळ्यावर पेशी काढली, जनुकं काढली. उद्याची औषधं प्रयोगशाळेत जिवंत पेशींकडून करून घेतली जातील, असं तासभर घसा फोडून सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाला शंका? मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. म्हणाले, "सर, विषय छान मांडलात. मग ह्यावर कासमभाईंचं काय म्हणणं आहे?"

लोक हसलेसुद्धा नाहीत. प्रश्न सगळ्यांना रास्तच वाटला. घरी येऊन मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "त्या माणसाचं चांगलं झालं की तुमच्याच पोटात का दुखतं हो?" कासमभाईंनी सकाळीच पाठवलेल्या पापलेटाची तुकडी तिने माझ्यासाठी काढून ठेवली होती.

पण इतर कुणी त्यांच्याकडे गेलं तर एक वेळ मी गिळलं असतं. वसंता गेला, ते मला गिळता आलं नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. त्याला रक्त न गोठण्याचा आजार होता, हिमोफिलिया. जन्मापासूनचा. साधं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही, आणि जखम न होताही गुडघ्यात आतल्या आत रक्त साचायचं. तिशीला येईतो त्याचा डावा गुडघा पार आखडला होता. असा आजार असलेला दुसरा माणूस आम्ही कधी पाहिला नव्हता. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही पाहिला नव्हता. बर्फाने शेकायचं, पडून राहायचं, फारच झालं तर मुंबईला नेऊन ताजं रक्त चढवायचं, एवढाच उपाय. बसून होईल असं काम म्हणून तो रेडिओ दुरुस्त करायचा. रामआळीत छोटंसं दुकान होतं. कासमभाईंचा ट्रान्झिस्टर तिथे दुरुस्तीला आला आणि मग कासमभाईच रोज यायला लागले. वसंताला बर्फ लागायचा आणि त्यांच्याकडे तो होता, अशी ती दोस्ती. मी त्याला बापाच्या जागी होतो. बाप गेल्यावर त्याचं सगळं मी केलं. पण हसायचा तो कासमभाईंबरोबर.

अशात ती कंपनी आली. नाव लांबलचक इंग्रजी होतं, गावात तिला सगळे रक्तवाली कंपनी म्हणत. वसंताच्याच आजारावर ती औषध काढणार होती. माणसाच्या रक्तातून गोठवणारा घटक वेगळा काढायचा, त्याची पूड करून बाटलीत भरायची, आणि पुढेमागे रक्ताशिवाय, जिवंत पेशींकडून तो तयार करवून घ्यायचा. परदेशात हे होऊ लागलं होतं. इथे कुणी करत नव्हतं, कारण रोगी मूठभर.

वसंता फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. गुडघ्याच्या इलाजासाठी त्याने मुंबईला जायचे पैसे साठवले होते, सहा-सात वर्षं एकेक रेडिओ करून. ते सगळे त्याला यात घालायचे होते. "दादा," म्हणाला, "आमच्यासाठी कंपनी काढलीय रे कुणीतरी. तुला काय वाटतं? कासमभाई म्हणाले, बघून सांगतो."

म्हणजे आधी तिकडे जाऊन आला होता. माझ्या विषयातली कंपनी, माझा भाऊ, आणि माझा नंबर दुसरा! मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हटलं, "कासमभाई बघतायत ना? मग मला कशाला विचारतोस?"

तो फॉर्मची घडी घालून पाय ओढत गेला.

पुढच्या रविवारी सकाळी, घरात मी एकटाच असताना, कासमभाई स्वतः आमच्याकडे आले. तोवर ते कधी पायरी चढले नव्हते. चपला बाहेर काढल्या, पडवीत बसले, पिशवीतून ते माहितीपत्रक काढलं. जवळजवळ सगळे कोपरे सरळ केलेले होते.

"प्रोफेसरसाहेब, ह्यातलं विज्ञान तुमचं. मना दोन-चार गोष्टी समजवा."

मग त्यांनी जे विचारलं ते मी माझ्या वर्गात एकाही मुलाकडून कधी ऐकलं नाही. असा आजार आपल्या जिल्ह्यात किती जणांना असेल? एका माणसाला एका खेपेला पुरेल एवढं औषध काढायला किती माणसांचं रक्त लागेल? आपल्याकडे सख्ख्या भावाला रक्त द्यायला लोक घाबरतात, मग हे रक्त येणार कुठून? बाटली थंड ठेवायची ना? मग रत्नागिरीत वीज जाते तेव्हा काय? आणि बाहेरून येणाऱ्या औषधाहून स्वस्त नाही पडलं तर घेणार कोण?

"कसं हाय," ते म्हणाले, "ज्येला औषध लागतं त्येच्याकडं पैसा नाय. ज्येच्याकडं पैसा हाय त्येला औषध लागत नाय. बाजार कुठं बसणार ह्याचा?"

मी उत्तरं दिली. काही खरी, काही अंदाजे, सगळी वरच्या पट्टीत. आतून मात्र नुसता जळत होतो. मी तोच कागद दोनदा वाचला होता. मला त्यात पेशी दिसल्या, घटक दिसले, रेणूंची नावं दिसली. यातला एकही प्रश्न मला पडला नव्हता.

शेवटी त्यांनी एक पान उघडलं. त्याचा कोपरा दुमडलेला होता. "हा एवढा एक शब्द राहिला. डिक्शनरीत दोन्ही वेगवेगळे मिळतात, एकत्र नाय. पायलट प्लांट. कंपनी म्हणते, आमचा पायलट प्लांट चालू झालाय. आता पायलट मना माहीत हाय. मोठी बोट बंदराच्या तोंडाशी आली की पायलट चढतो आणि तिला आत घेऊन येतो. म्हणजे ह्यो पुढचा कारखाना, आणि ह्याच्या मागं मोठा कारखाना तयार उभा हाय. असंच ना?"

तसं अजिबात नव्हतं. पायलट प्लांट म्हणजे प्रयोगापुरती लहानशी मांडणी, जमतंय का ते बघण्यापुरती. मागे काही उभं नसतं. त्या अख्ख्या माहितीपत्रकात खरं बोलणारा तेवढा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ त्या पडवीत एकट्या मला ठाऊक होता.

मला वाटलं, एकदा, फक्त एकदा हा माणूस चुकला पाहिजे.

"हो," मी म्हटलं. "तसंच काहीसं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नखाने कोपरा सरळ केला, "मेहेरबानी" म्हणाले आणि चहा न घेता गेले. वसंताचे पैसे यात आहेत, हे मला आठवत नव्हतं असं नाही. मी मनाला सांगितलं, एवढे प्रश्न पडलेत त्यांना, ते 'नको'च म्हणतील. म्हणजे वसंताचं नुकसान व्हायचं नाही, आणि माझं बोलणं फुकट जाईल. मत्सरी माणूस असे हिशेब फार पटकन करतो.

ते 'नको' म्हणाले नाहीत. आठवड्याभराने दुकानात बसून त्यांनी वसंताला सांगितलं, "घे. पण निम्मेच घे. निम्मे मुंबईला जायला ठेव." वसंताने तसंच केलं. कासमभाईंनी घेतलं म्हणून गावातल्या आणखी आठ-दहा जणांनी घेतलं. कासमभाईंनी स्वतःही घेतलं.

शेअरचा कागद आला त्या दिवशी वसंताने पेढे वाटले. कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून त्याने दुकानात टांगला, गणपतीच्या शेजारी. गिऱ्हाइकांना दाखवायचा. "ही आमची कंपनी," म्हणायचा.

पहिल्या वर्षी कंपनीचा अहवाल आला, त्यात पांढरे कोट घातलेल्या माणसांचे फोटो होते. दुसऱ्या वर्षी आला त्यात फोटो नव्हते. नंतर वसंताने औषध कधी निघणार म्हणून पत्र घातलं, ते पत्ता सापडत नाही असा शेरा घेऊन परत आलं. मोठा कारखाना उभा राहिलाच नव्हता. एकही बाटली बाजारात आली नाही.

मग लोक मिरकरवाड्याला निघाले, या खेपेला नाकाला रुमाल न लावता. मी पण गेलो. जायचं काही कारण नव्हतं. मला ते बघायचं होतं.

बर्फाच्या लाद्यांवर कोंडा टाकायचं काम चालू होतं. वकील तावातावाने म्हणाले, "कासमभाई, तुम्ही एवढं वाचता, मग हे कसं सुटलं तुमच्या नजरेतून?" कासमभाईंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. "माझी चूक," म्हणाले. "पायलट प्लांट लिवलं होतं. मी बंदरातला पायलट समजलो. अडाणी माणूस मी. कुणाला विचारलं नाय."

त्यावर जे हसू फुटलं, ते आठवडाभर गावात फिरत होतं. त्या दिवसापासून त्यांचं नाव पायलट पडलं. "काय पायलट, लागली का बोट?" असं चहाच्या टपरीवरून लोक ओरडायचे आणि ते कपाळाला हात लावून सलाम करायचे. फॉर्म घेऊन त्यांच्याकडे जाणं बंद झालं. दोघे-तिघे माझ्याकडे येऊ लागले. जे मला हवं होतं ते अगदी तसंच्या तसं मला मिळालं.

आणि मी त्या हसणाऱ्यांत उभा राहून हसलो होतो. 'कुणाला विचारलं नाय' हे शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारले होते. न बघता! तेही मला खुपलं. त्यांनी एकदा तरी रोखून बघायला हवं होतं.

वसंताने फ्रेम उतरवली.  मग उरलेल्या निम्म्या पैशांतून मी त्याला मुंबईला नेलं. दोन महिने तिथे राहिलो. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, पण काठी घेऊन तो ताठ चालू लागला. इस्पितळात त्याच्यासारखेच आणखी तिघे जण भेटले. त्यांच्याशी तो दिवस दिवस बोलत बसायचा. कासमभाईंवर त्याचा राग नव्हता. रोज पत्र लिहायचा त्यांना. बायकोला लिहिलेल्या पत्राबरोबर तेही पोस्टात टाकायला मीच जायचो, तेव्हा पाकिटावरचं ते नाव वाचायचो.

दोन वर्षांनी बर्फाच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि म्हातारे लोक घरी बसले. कासमभाईंची बायको आधीच गेली होती. ते केळशीला मुलीकडे राहायला जायला निघाले. निघण्याच्या दिवशी मी सकाळी लवकर एस.टी. स्टँडवर गेलो. वसंता नंतर येणार होता. मला त्याच्याआधी त्यांना गाठायचं होतं.

एक ट्रंक, एक वळकटी, बाकावर कासमभाई. मेंदी लावायची सोडली होती, दाढी पांढरी झाली होती. मी शेजारी बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, तरी सुरुवात होईना. शेवटी म्हटलं, "कासमभाई, त्या दिवशी पडवीत मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला अर्थ माहीत होता."

"मनाही माहीत होता," ते म्हणाले. "तुमी सांगितलंत त्येच्या तिसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर दुरुस्तीला मुंबईचा इंजिनीयर आला. त्येला विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं."

मी बाकावरच त्यांच्याकडे वळलो. "मग वसंताला घे का म्हणालात?"

"नाय म्हणायलाच गेलो होतो. तर त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलेलं. म्हणतो, कासमभाई, इथं कागद लावणार. तोंडातून नाय निघालंच नाय माझ्या. मग निम्मे बोललो. त्येला बुडवून मी कोरडा कसा राहणार, म्हणून मीही घेतलं." त्यांनी वळकटीची दोरी आवळली. "ती चूक माझीच. ती काय तुमची नाय."

"आणि लोकांसमोर? माझं नाव का नाही घेतलंत?"

ते जरा चिडल्यासारखे झाले. "प्रोफेसरसाहेब, त्येला भाऊ एकच हाय. बर्फवाला काय, दुसरा मिळंल."

 लाज वाटली हे खरं, पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी पुन्हा तेच वाटलं. आपल्याला हे सुचलं नसतं.

तेवढ्यात वसंता आला, काठी टेकत, घामाघूम होऊन. कासमभाईंनी माझ्या मनगटावर हात दाबला आणि उठले. केळशीच्या वाटेवरची दापोलीची गाडी लागली. वसंताने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा "गुडघा सांभाळ, गुडघा" असं ते ओरडले आणि त्याला वर धरलं. मी ट्रंक टपावर चढवली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी नाडी सोडून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि गाडी वळेपर्यंत परत घातला नाही.

आम्ही दोघे स्टँडबाहेर आलो. वसंताला चालायला वेळ लागत होता. मी त्याच्या चालीने चालत होतो.

"देवमाणूस रे दादा," तो म्हणाला. "पण भिडस्त फार. आपल्या घरात एवढा शिकलेला माणूस असताना, त्या शब्दाचं तुला एकदा विचारायला काय झालं होतं त्यांना? तू सांगितलं नसतंस का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं असतं की," मी म्हटलं.